हृदयाचा अंतःस्राव

हृदय हें रक्त ढकलणारें यंत्र आहे, हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं रक्ताभिसरणाचा सिद्धांत ग्रंथरूपानें मांडला. त्यानंतर साडेतीनशें वर्षें वैद्यकशास्त्रानें हृदयाकडे याच दृष्टीनें पाहिलें. मेंदूनें व ग्रंथींनीं हुकूम द्यावा आणि हृदयानें तो निमूटपणें पाळावा, अशी समजूत होती. परंतु हृदय नुसतें ताबेदार नाहीं. भार वाढूं लागला म्हणजे तें रक्तवाहिन्यांस व मूत्रपिंडांस स्वतःच निरोप धाडतें.

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांस कर्णिका व खालच्या दोहोंस जवनिका म्हणतात. १९५६ सालीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांतून कर्णिकांच्या पेशींत बारीक कण आढळले. असे कण वस्तुतः अंतःस्राव निर्माण करणाऱ्या ग्रंथींत असावयाचे. स्नायूंत त्यांचें काय काम, हें कोडें पंचवीस वर्षें सुटलें नाहीं. कॅनडांतील किंग्स्टन येथें अडोल्फो डी बोल्ड व त्यांचे सहकारी यांनीं तें सोडविलें. त्यांनीं कर्णिकांचा अर्क उंदरांच्या शिरेंत टोंचला. थोड्याच वेळांत मूत्राचें प्रमाण दहापट व त्यांतून जाणाऱ्या सोडियमचें तीसपटीहून अधिक वाढलें, रक्तदाबही उतरला. जवनिकांच्या अर्कानें असें कांहीं झालें नाहीं. हा शोध १९८१ सालीं प्रसिद्ध झाला.

या अर्कांतील गुणकारी द्रव्य पेप्टाइड जातीचें, म्हणजे प्रथिनाच्या लहानशा तुकड्यासारखें आहे. अमिनो आम्लांचे २८ मणी एका माळेंत ओंवावेत, तशी त्याची रचना असते. रक्ताचें आकारमान वाढून कर्णिकांच्या भिंती ताणल्या गेल्या, कीं तें रक्तांत उतरतें. रक्तवाहिनीच्या भिंतींतील स्नायूंच्या पेशींवर त्याला ओळखणारे ग्राहक असतात. किल्ली कुलपांत बसावी तसें तें त्यांत बसतें. मग पेशीच्या आंत चक्रीय जीएमपी नांवाचें द्रव्य तयार होऊन स्नायु सैल पडतात व वाहिनी रुंदावते. नीला रुंदावल्यानें हृदयाकडे परतणारा लोंढा ओसरतो. रोहिण्या रुंदावल्यानें रक्त पुढें ढकलण्यास जोर कमी लागतो. इकडे मूत्रपिंडें मीठ बाहेर टाकतात, आणि मिठामागोमाग पाणीही जातें.

१९८८ सालीं जपानी शास्त्रज्ञांस या पेप्टाइडाचें एक भावंड डुकराच्या मेंदूंत सांपडलें. म्हणून त्याचें नांव मेंदूवरून पडलें. पण मनुष्यांत तें मुख्यतः जवनिकांतून स्रवतें. धाप लागलेला रोगी आला असतां दोष हृदयाचा कीं फुप्फुसांचा, हें ठरविण्यास रक्तांतील त्याचें प्रमाण उपयोगी पडतें. एका मिलिलिटरांत तें १०० पिकोग्रॅमांहून कमी असल्यास धापेचें कारण दुर्बल हृदय असण्याचा संभव थोडा असतो.

येथें एक शंका येते. दुर्बल हृदय हा निरोप अखंड धाडीत असतांनाही रोग कां हटत नाहीं? याचें कारण असें कीं, वाहिन्या आवळणारे व मीठ धरून ठेवणारे अँजिओटेन्सिनसारखे विरोधी पदार्थ अशा वेळीं वरचढ होतात. शिवाय नेप्रिलायसिन नांवाचें विकर या पेप्टाइडांचे तुकडे करून टाकतें. कृत्रिम पेप्टाइड शिरेवाटें देऊन पाहण्यांत आलें. पण सात हजारांवर रोग्यांच्या चाचणींत त्यानें मृत्यु कमी झाले नाहींत, असें २०११ सालीं दिसून आलें. तेव्हां निरोपाचा नाश करणाऱ्या विकरासच आवरावें व त्याबरोबर अँजिओटेन्सिनलाही रोखावें, ही युक्ति फळास आली. सॅक्युबिट्रिल व व्हॅल्सार्टन यांच्या जोडऔषधाची आठ हजारांहून अधिक रोग्यांवर चाचणी झाली. रूढ औषधाच्या तुलनेनें हृदयविकारानें मृत्यु येणें किंवा दुर्बल हृदयामुळें रुग्णालय गांठावें लागणें, यांचा धोका शेंकडा २० नीं घटल्याचें २०१४ सालीं प्रसिद्ध झालें.

पायांवर सूज येणें, उताणें निजल्यावर धाप लागणें, हीं लक्षणें वयाचा दोष समजून घरच्या माणसांनीं सोडून देऊं नयेत. डॉक्टरांस वेळीं दाखवावें. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढ मनुष्यास दिवसाकाठीं ५ ग्रॅमांहून कमी मीठ सुचविलें आहे. ताटांतील मीठ आवरणें म्हणजे हृदय जें काम मूत्रपिंडांकडून करवून घेऊं पाहतें, त्यांतील कांहीं वांटा आपण उचलणें होय.