‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमकं काय?

आज आपण एका वाक्याची उकल करणार आहोत. नवापूरपासून धडगावपर्यंत, रेशनच्या दुकानात, सेतू केंद्रात, बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रात हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे: ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ ऐकणारा मान डोलावतो आणि परत फिरतो. डोंगरातल्या पाड्यावरून पायी आलेल्या माणसाचा त्यात अख्खा दिवस जातो, मजुरी बुडते, आणि काय बिघडलं होतं ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

गंमत अशी, की सर्व्हर स्वतः इतकं मोघम कधीच बोलत नाही. त्याला नाही म्हणायचं असेल, तर तो का नाही ते तीन आकडी क्रमांकात सांगतो. ते उत्तर खिडकीपर्यंत येता येता कुठे गळून पडतं, हे आज आपल्याला पाहायचं आहे.

हे नंदुरबार जिल्ह्यात बोलण्याला कारण आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. म्हणजे ‘माझी ओळख दूरच्या एका सर्व्हरला विचारून पटवायची’ ही व्यवस्था सबंध देशात आपल्या जिल्ह्यातून सुरू झाली. तेव्हा तो सर्व्हर काम कसं करतो, हे समजून घेण्याचा पहिला हक्कही आपलाच.

आता मुळापासून सुरुवात करू. सर्व्हर म्हणजे काही जादूची पेटी नव्हे. तो एक संगणक, आणि त्यावर सतत चालू असलेला एक प्रोग्रॅम. या प्रोग्रॅमला वेब सर्व्हर म्हणतात. अपाचे हा १९९५ पासूनचा, एन्जिनएक्स हा २००४ पासूनचा. जगातल्या असंख्य संकेतस्थळांच्या दारात या दोघांपैकी एक उभा असतो. त्याचं काम तहसील कार्यालयातल्या आवक-जावक कारकुनासारखं आहे. अर्ज घ्यायचा, तो कोणत्या टेबलाचा ते बघायचं, तिकडे धाडायचा, उत्तर आलं की अर्जदाराच्या हाती द्यायचं, आणि नोंदवहीत एक ओळ लिहायची.

समजा, आपण मोबाइलवर सातबारा पाहायला संकेतस्थळ उघडलं. सगळ्यात आधी नावावरून पत्ता शोधला जातो, म्हणजे त्या नावाचा संगणक जाळ्यावर कुठे आहे ते. मग त्या संगणकाशी जोडणी होते. सर्व्हरला दारं पुष्कळ असतात. साध्या वेबचं दार ८० क्रमांकाचं, कुलूपबंद म्हणजे सुरक्षित वेबचं ४४३. दार उघडलं की आपला फोन अर्ज देतो. त्याला रिक्वेस्ट म्हणतात. रिक्वेस्टची पहिली ओळ फार महत्त्वाची. तिच्यात क्रिया असते आणि जागा असते. क्रिया बहुतेक वेळा दोनच: ‘गेट’ म्हणजे मला हे दाखवा, आणि ‘पोस्ट’ म्हणजे माझ्याकडून हे घ्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे पैशांशी त्याचा संबंध येणार आहे.

पहिल्या ओळीखाली आणखी माहिती असते. कोणत्या संकेतस्थळासाठी आलो, कोणती भाषा चालेल, आधी लॉगिन केलं आहे का, वगैरे. एकाच संगणकावर दहा संकेतस्थळं नांदू शकतात, म्हणून ‘कोणाकडे आलात?’ हे आधी पाहावं लागतं. मग सर्व्हर ठरवतो. मागितलेली वस्तू तयार फाइल असेल, उदाहरणार्थ एखादं चित्र किंवा शासन निर्णयाची प्रत, तर तो ती स्वतःच काढून देतो. पण तुमचा सातबारा तयार ठेवलेला नसतो. तो माहितीसाठ्यातून काढावा लागतो. मग दारातला सर्व्हर अर्ज मागच्या प्रोग्रॅमकडे पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो.

हे समजायला नवापूरचं रेल्वे स्थानक बघा. स्थानकाची इमारत अर्धी महाराष्ट्रात, अर्धी गुजरातेत. तिकीट काढायचं एका राज्यात आणि गाडी धरायची दुसऱ्या राज्यात, असंही तिथे होऊ शकतं. प्रवाशाला मात्र ते एकच स्थानक वाटतं. संकेतस्थळाचंही तसंच आहे. आपल्याला एकच पान दिसतं. त्यामागे पुढचा सर्व्हर वेगळा, मागचा प्रोग्रॅम वेगळा, माहितीसाठा आणखी तिसरीकडे. खिडकी उघडी असली म्हणून आतलं कार्यालय चालू असेलच असं नाही.

आता एकाच वेळी हजार माणसं आली तर? नंदुरबारचा मिरची बाजार डोळ्यांसमोर आणा. हंगामात लाल मिरचीच्या गाड्यांची रांग लागते. एक पद्धत अशी, की प्रत्येक गाडीला एक माणूस नेमायचा. गाडी आत आल्यापासून रिकामी होईपर्यंत तो तिच्याजवळच उभा. शंभर माणसं असतील तर एकशे एकावी गाडी फाटकाबाहेर. अपाचेची जुनी पद्धत ही. दुसरी पद्धत अशी, की मोजकीच माणसं ठेवायची, पण कुणी रिकामं उभं राहायचं नाही. या गाडीचं वजन होईपर्यंत त्या गाडीची पावती फाडायची. एन्जिनएक्स असं चालतो, आणि म्हणून थोड्या जागेत हजारो जोडण्या सांभाळतो. अपाचेनेही पुढे अशी पद्धत स्वीकारली. पण पद्धत कोणतीही असो, बाजाराला शेवटी फाटक असतंच. क्षमता संपली की रांग, आणि रांगही भरली की नकार.

इथून आपण चुकांकडे वळतो. १९९१ साली वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी मांडलेल्या पहिल्या, अगदी साध्या एचटीटीपीत त्रुटी क्रमांक नव्हतेच. काही बिघडलं तर सर्व्हर तसं वाक्यात लिहून पाठवायचा. माणूस ते वाचून समजायचा, पण यंत्राला चांगलं उत्तर आणि वाईट उत्तर यांतला फरकच कळत नसे. पुढच्या आवृत्तीत, जी १९९६ मध्ये दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाली, प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर तीन आकडी क्रमांक आला.

त्या क्रमांकातला पहिला आकडा सगळ्यात मोलाचा. दोननं सुरू झाला तर काम झालं. २०० म्हणजे ठीक. तीननं सुरू झाला तर वस्तू दुसरीकडे आहे, किंवा तुमच्याजवळची प्रतच अजून ताजी आहे. चारनं सुरू झाला तर अर्जातच काही तरी कमी आहे. पाचनं सुरू झाला तर अर्ज बरोबर होता, पण आम्हाला जमलं नाही. बघा, केवढी प्रामाणिक व्यवस्था आहे ही! चूक कुणाची, हे पहिल्याच आकड्यात.

आता थोडं आत जाऊ. ४०० म्हणजे अर्ज वाचताच आला नाही. ४०१ म्हणजे आधी ओळख पटवा. ४०३ म्हणजे विनंती समजली, पण परवानगी नाही. ४०४ म्हणजे या पत्त्यावर अशी वस्तू नाही. ४२९ म्हणजे फार भराभर विचारता आहात, जरा थांबा. ही झाली चारची मंडळी. पाचात ५०० म्हणजे आतल्या प्रोग्रॅममध्ये बिघाड. ५०३ म्हणजे सध्या गर्दी आहे किंवा दुरुस्ती चालू आहे; यासोबत ‘इतक्या वेळानं परत या’ असंही सर्व्हरला सांगता येतं. ५०२ आणि ५०४ हे नवापूरच्या खिडकीसारखे. ५०२ म्हणजे आतल्या कार्यालयाकडून आलेलं उत्तर धड नव्हतं, ५०४ म्हणजे आतून वेळेत उत्तरच आलं नाही.

आता पुन्हा रेशनच्या दुकानात येऊ. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबात माणशी दरमहा ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. हा हक्क आता ई-पॉस यंत्रावर ठेवलेल्या बोटाशी जोडलेला आहे. समजा, एका आजींनी बोट ठेवलं आणि धान्य मिळालं नाही. कारणं किमान चार असू शकतात. एक, गावात रेंजच नव्हती, अर्ज सर्व्हरपर्यंत पोचलाच नाही. अशा वेळी कोणताच क्रमांक येत नाही, कारण उत्तर द्यायला समोर कुणी नाही. दोन, अर्ज पोचला, पण बोटाचे ठसे जुळले नाहीत. आधार प्रमाणीकरणाचे स्वतःचे त्रुटी क्रमांक आहेत. त्यात ३०० म्हणजे ठसा जुळला नाही, ३३० म्हणजे आधारधारकानं आपले ठसे कुलूपबंद ठेवले आहेत, ९९८ म्हणजे आधार क्रमांकच ग्राह्य नाही. तीन, महिन्याच्या सुरुवातीची गर्दी, सर्व्हर ५०३ म्हणतो. चार, मधलाच एखादा दुवा अडकला, ५०४.

चारही वेळा आजींच्या कानावर पडतं ते ‘सर्व्हर डाऊन’. पण उपाय चार वेगळे आहेत. रेंज नसेल तर यंत्र उंचावर न्यायला हवं. गर्दी असेल तर दुपारी यायला सांगायला हवं. दुवा अडकला असेल तर वर तक्रार जायला हवी. आणि ठसा जुळत नसेल, शेतात राबून बोटाच्या रेषाच झिजल्या असतील, तर उद्या येऊन काय होणार? उद्याही बोट तेच असणार. त्यांना दुसरं बोट, डोळ्याची बुबुळं, मोबाइलवरचा ओटीपी किंवा नोंद अद्ययावत करणं, असा दुसरा रस्ता दाखवायला हवा. ‘उद्या या’ हे उत्तर इथे सपशेल चुकीचं आहे.

काही प्रोग्रॅम बनवणारे यात आणखी घोळ घालतात. आत काम फसलेलं असतं, पण सर्व्हर माथ्यावर २०० लिहून पाठवतो आणि पोटात ‘काही तरी चुकलं’ असं वाक्य. म्हणजे आपण पुन्हा १९९१ मध्ये! देखरेख करणाऱ्या यंत्रणेला सगळं हिरवंगार दिसतं, आणि इकडे माणसं रांगेतून परत जात असतात.

आता ‘गेट’ आणि ‘पोस्ट’चा फरक. सातबारा दहा वेळा पाहिला तरी काही बिघडत नाही. पण पैसे काढण्याचा अर्ज? अर्ज गेला, खात्यातून रक्कम वजा झाली, आणि परतीच्या वाटेवर उत्तर हरवलं. पडद्यावर दिसतं: वेळ संपली. इथे नीट ऐका. ‘वेळ संपली’ म्हणजे ‘काम झालं नाही’ असं नव्हे. त्याचा अर्थ एवढाच, की काम झालं की नाही ते आपल्याला ठाऊक नाही. अशा वेळी पुन्हा बोट ठेवणं म्हणजे दुसरा अर्ज देणं. म्हणून चांगल्या व्यवस्थेत प्रत्येक व्यवहाराला एकच क्रमांक असतो. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हर नवं काम करत नाही, आधीचं उत्तर दाखवतो. आपण काय करायचं? आधी शिल्लक तपासायची, व्यवहाराची पावती मागायची, मगच दुसरा प्रयत्न.

पुन्हा पुन्हा बटण दाबण्याचा दुसरा तोटा सामूहिक आहे. १६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल लागला. राज्यभरातले पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी, त्यांचे आईवडील, शिक्षक, सगळे एकदम संकेतस्थळावर. कित्येक तास ते उघडेना. पान उघडलं नाही की माणूस काय करतो? परत दाबतो. एकाचे दहा अर्ज होतात, आणि दमलेल्या सर्व्हरला सावरायला उसंतच मिळत नाही. खरं तर निकाल लागल्यावर तो बदलत नाही. त्याची तयार पानं आधीच काढून अनेक ठिकाणी ठेवली, तर प्रत्येक वेळी माहितीसाठ्याला त्रास द्यायची गरज उरत नाही. आणि क्षमता संपलीच, तर पान लटकत ठेवण्यापेक्षा लगेच ‘५०३, दहा मिनिटांनी या’ म्हणणं हे उपकारच.

राहिली नोंदवही. प्रत्येक रिक्वेस्टची एक ओळ सर्व्हर लिहितो: कुठून आली, केव्हा, काय मागितलं, कोणता क्रमांक दिला, किती माहिती पाठवली. बिघाडाचा तपशील दुसऱ्या वहीत. हा तपशील लोकांच्या पडद्यावर दाखवू नये, त्यातून चोराला घराचा नकाशा मिळतो. लोकांना तीन गोष्टी पुरतात: काय झालं, आता काय करायचं, आणि तक्रारीसाठी एक संदर्भ क्रमांक. त्या क्रमांकावरून वहीतली नेमकी ओळ सापडते.

आपल्या राज्यात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि अपिलाची वाटही सांगावी लागते. आम्हाला वाटतं, खिडकीवरच्या यंत्राकडूनही आपण तेवढीच अपेक्षा ठेवायला हवी. तेव्हा पुढच्या वेळी ‘सर्व्हर डाऊन’ ऐकलं, तर रागावू नका. खिडकीवरचा माणूसही बहुधा तुमच्याइतकाच अडकलेला असतो. त्याला एवढंच विचारा: पडद्यावर कोणता क्रमांक आलाय? माझा अर्ज पोचला की नाही? आणि तो क्रमांक कागदावर लिहून मागा. इथे जी मुलंमुली संगणक शिकत आहेत, त्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये तो क्रमांक आणि त्याखाली मराठीत, जमलं तर अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत एक साधं वाक्य दिसेल एवढी सोय करावी. आता तुमचे प्रश्न घेऊ.