रॉड चालतोय, एमसीबी पडत नाही, मग प्लग का तापतो?

होस्टेलवर राहणाऱ्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. "पाणी तापवायचा रॉड एक्स्टेंशन बोर्डावर लावतो. पाणी मस्त तापतं, एमसीबीही पडत नाही, फक्त प्लग काढताना हाताला चटका बसतो. चालेल ना?"

नाही, चालणार नाही. का ते आज आकड्यांतच बघू. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून हा भाग इथे लिहूनही देतोय.

आपल्याला दोनच गोष्टी माहीत हव्यात: व्होल्टेज आणि करंट. घरातलं व्होल्टेज साधारण २३० व्होल्ट. करंट वायरमन क्लॅम्प मीटरने मोजतो, तो चिमट्यासारखा मीटर. (चिमटा एकाच तारेभोवती लावायचा. जाणारी आणि येणारी तार दोन्ही एकत्र पकडल्या, तर मीटर शून्य दाखवतो.) समजा, रॉड चालू असताना मीटर ६.५ अँपियर दाखवतोय.

आता रोध काढायचा, तर व्होल्टेजला करंटने भागा. २३० भागिले ६.५, म्हणजे सुमारे ३५.४ ओहम. शक्ती काढायची, तर गुणा. २३० गुणिले ६.५, म्हणजे १४९५ वॉट. रॉडवर १५०० वॉट छापलेलं असतं, ते हेच. मीटर नसेल तर उलट जा: छापलेल्या वॉटला २३० ने भागलं की करंट मिळतो. उघड्या तारांशी स्वतः खेळायची काही गरज नाही.

गणित एवढंच. दहावीला ते झालेलंच असतं, फक्त तिथे प्लग नसतो.

प्लगचं काय होतं बघा. बोर्डाच्या सॉकेटमधली पितळी पट्टी वापरून वापरून सैल होते. पिन आणि पट्टी मग पूर्ण न टेकता दोन-चार ठिपक्यांवरच टेकतात. तिथे एक छोटा रोध तयार होतो. धरा, अर्धा ओहम. रॉडच्या पस्तीस ओहमपुढे अर्धा म्हणजे किस झाड की पत्ती! पण करंट तोच, ६.५ अँपियर, या अर्ध्या ओहममधूनही जातोय. तिथली शक्ती काढायला करंटचा वर्ग करून रोधाने गुणायचं. ६.५ चा वर्ग ४२.२५, त्याचं निम्मं २१ वॉट.

एकवीस वॉट ऐकायला किरकोळ वाटतात. पण मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानातली साधी सोल्डरिंग गन २५ वॉटची असते, आणि ती कथील वितळवते. तेवढीच उष्णता तुमच्या बोर्डात, शेंगदाण्याएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या आत कोंडलेली. रॉडची उष्णता पाणी घेऊन जातं. हिला जायला जागाच नाही.

आणि एमसीबी? त्याला यातलं काहीच कळत नाही. तो करंट मर्यादेबाहेर गेला की पडतो. इथे एकूण रोध ३५.४ वरून ३५.९ झाला, म्हणजे करंट उलट किंचित कमी झाला, ६.४ अँपियर. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल. मला या विषयातली सर्वांत धोकादायक गोष्ट हीच वाटते. "एमसीबी पडला नाही ना, मग ठीक आहे" हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय.

मग तोच बोर्ड चार्जरला वर्षभर कसा चालतो? मोबाइल चार्जर भिंतीतून समजा ०.१ अँपियर घेतो. त्याचा वर्ग ०.०१, गुणिले अर्धा ओहम, म्हणजे वॉटचा दोनशेवा भाग. हाताला कळणारसुद्धा नाही. करंट ६५ पट झाला की सैल जोडातली उष्णता ६५ पट नाही, ४२२५ पट होते.

गावाकडच्या श्रोत्यांसाठी एक जोड. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं, तर रॉडचा रोध जवळपास तोच राहतो. १८० भागिले ३५.४, करंट ५.१ अँपियर. शक्ती सुमारे ९१५ वॉट. व्होल्टेज पाव भागाहून कमी घटलं, पण शक्ती जवळजवळ ४० टक्के गेली. १५ लिटरची बादली २० वरून ४५ अंशांवर न्यायला आधी साडेसतरा मिनिटं लागायची, आता जवळपास २९ लागतील, हवेत जाणारी उष्णता सोडून. बिल मात्र वाचत नाही, तेवढंच पाणी तेवढंच तापवायला युनिटंही तेवढीच.

हा "रोध तोच" नियम सगळीकडे लावू नका हं. १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब पेटलेला असताना हिशोबाने ५२९ ओहमचा निघतो. काढून, गार असताना मीटरने मोजला, तर त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी दिसतो, कारण तार तापली की रोध वाढतो.

तर आपल्या होस्टेलवाल्या मित्रा, साधा छोटा सॉकेट ६ अँपियरचा असतो, तुझा रॉड त्याच्या वर जातोय, आणि तुझी पट्टीही सैल दिसतेय. जाड पिनवर बारीक पिनचा कन्व्हर्टर लावून बसवलं असशील, तर तो आणखी एक जोड. रॉड भिंतीतल्या १६ अँपियरच्या सॉकेटला थेट लाव. तो खोलीत नसेल, तर रेक्टरकडे माग. आणि तो बोर्ड आज बंद करून पूर्ण गार झाल्यावर बघ: भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी झालं असेल, तर त्यावर आता चार्जरही लावू नकोस.