लिरॉय कार: गिटारच्या सावलीत झाकलेला पियानो

ब्लूज म्हटले की मिसिसिपीतले कापसाचे शेत, ओसरीवर एकटा बसलेला गडी आणि त्याच्या मांडीवरची गिटार डोळ्यांपुढे येते. या चित्रात पियानोवर गाणाऱ्या लिरॉय कारला जागाच नाही. या चित्रामागचे आणि कारबद्दलचे काही रूढ समज एकेक करून तपासू.

ब्लूज खेड्यातला आणि गिटारवरचा. पियानो नंतर आला.

कारने ‘हाउ लाँग, हाउ लाँग ब्लूज’ जून १९२८ मध्ये इंडियानापोलिससारख्या शहरात ध्वनिमुद्रित केले, तेही पियानोवर बसून. तबकडी प्रचंड खपली. पुढच्या सात वर्षांत त्याची शंभराहून अधिक गाणी मुद्रित झाली. मग गिटारचेच चित्र का रुजले? १९६० च्या दशकात ही जुनी गाणी एलपीवर पुन्हा निघाली, तेव्हा त्यांचा नवा श्रोता बहुतांशी गोरा, तरुण आणि लोकसंगीताचा भोक्ता होता. रांगडे ते अस्सल, असा त्याचा हिशेब. गिटार गावोगाव नेता येते, पियानो नाही, हे खरेच. पण दारूच्या गुत्त्यांत आणि लाकूडतोड्यांच्या वसाहतींत पियानो ठेवलेलाच असे, आणि ब्लूज तिथेही वाजत असे.

खरा ब्लूज म्हणजे आक्रोश. कार फारच गुळगुळीत.

तंबूत, नाट्यगृहात मायक्रोफोनविना गायचे तर आवाज फेकावाच लागे. ध्वनिमुद्रणही कर्ण्यात गाऊनच होई. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि समोर बसलेल्याशी बोलावे तसे गाणे शक्य झाले. कारने ती सोय नेमकी ओळखली. हळू आवाजातले दुःख कमी खरे, असे मानायला काहीच आधार नाही. हीच संयत शहरी ढब पुढे चार्ल्स ब्राउनच्या गाण्यात भेटते, आणि तरुण रे चार्ल्सने तर सुरुवातीला ब्राउनचीच गायकी गिरवली.

सगळे गिटारवाल्या रॉबर्ट जॉनसनपासून सुरू झाले.

इथे साधे सनावळीचे गणित पुरते. जॉनसनचे पहिले ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९३६ चे. कार एप्रिल १९३५ मध्येच वारला होता. जॉनसनच्या ‘लव्ह इन व्हेन’ची चाल कारच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणांपैकी ‘व्हेन द सन गोज डाउन’वर बेतलेली आहे. रोलिंग स्टोन्सने १९६९ मध्ये ‘लव्ह इन व्हेन’ जगभर नेले, पण नाव गाजले जॉनसनचे. त्याच्या गिटारवर खर्जात चालणारा ठेकाही मूळचा पियानोवाल्यांच्या डाव्या हातचा. यात जॉनसनला कमीपणा नाही. त्याने ऐकले फार चांगले होते.

‘हाउ लाँग’ संपूर्ण कारचेच.

नाही. आयडा कॉक्सने १९२५ मध्ये गायलेले ‘हाउ लाँग, डॅडी, हाउ लाँग’ त्याआधीचे. ब्लूजमध्ये अशी देवघेव चालतच असे.

कारचा गिटारवाला निव्वळ साथीला.

हा गिटारवाला, स्क्रॅपर ब्लॅकवेल, एकेका तारेवर सुटे सूर छेडत कारच्या प्रत्येक ओळीला उत्तर देई. पियानो खालून पट्टी धरून ठेवी, म्हणून गिटार मोकळी राही. दोघांपैकी एकाला काढले, तर ते गाणे उरत नाही.

कार तिशीत गेला म्हणजे घातपातच.

ब्लूजवाल्यांच्या मृत्यूभोवती विष आणि सुऱ्यांच्या कहाण्या इतक्या साचल्या आहेत की हा तर्क सहज पटतो. कार मात्र मूत्रपिंडाच्या विकाराने गेला, आणि त्यामागे वर्षानुवर्षांची बेसुमार दारू होती. गोळी लागून मेला तो ब्लॅकवेल, १९६२ मध्ये, त्याच इंडियानापोलिसात.