एक समुद्र, अनेक किनारे (भाग ७) : संजाणचा ताजिक अधिपती

पालघर जिल्ह्यात तारापूरच्या खाडीला लागून चिंचणी हे गाव आहे. गेल्या शतकाच्या मध्यावर तिथे काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा. मान्यखेटच्या राष्ट्रकूटांपैकी तिसरा इंद्र तेव्हा गादीवर होता. लेख संस्कृतात आहे आणि मजकूर दानपत्राचा. एका मठिकेच्या, म्हणजे छोट्या मठाच्या, डागडुजीसाठी आणि दशमी देवीच्या नैवेद्यासाठी जमीन दिल्याची ती नोंद. अशी दानपत्रं दख्खनमध्ये पुष्कळ मिळतात. पण इथला दाता आहे मधुमती, म्हणजे मुहम्मद. बापाचं नाव सहियारहार, म्हणजे शहरयार. आणि कुळ ताजिक. त्या काळच्या लेखांत अरबांना ताजिक म्हणत. बापाचं नाव मात्र इराणी वळणाचं आहे. हा माणूस बहुधा आखातातून आलेल्या मुसलमान घराण्यातला होता आणि संयान मंडळाचा, म्हणजे आजच्या संजाणभोवतालच्या मुलखाचा, अधिपती होता.

हे मंडळ त्याला राष्ट्रकूट सम्राट दुसऱ्या कृष्णाने दिलं, असं ताम्रपट सांगतो. आसपासच्या बंदरांवरचे प्रमुख त्याने आपल्या धन्यासाठी जिंकले आणि तिथे आपली माणसं नेमली. म्हणजे किनाऱ्याची व्यवस्था, पर्यायाने जकातीची व्यवस्था, त्याच्या हाती होती. पुढचा तपशील मला त्या विजयांहून मोलाचा वाटतो. त्याने दोन प्रवाहांवर फुकट होडी सुरू केली आणि संजाणला अन्नछत्र घातलं. तिथे येणाऱ्याजाणाऱ्याला साळीचा भात, कालवणं आणि तूप मिळे. मठिका एका ब्राह्मणाने बांधलेली. तिला जमीन देण्यासाठी या अधिपतीने सम्राटाची संमती घेतली आणि दानपत्र रीतसर तांब्यावर कोरून दिलं.

हजार वर्षांपूर्वी हे शक्य कसं झालं? त्याचं उत्तर आधी वाऱ्यात शोधावं लागतं.

मागच्या भागात आपण काथ्याने शिवलेली जहाजं पाहिली. अशा जहाजाला अरबी समुद्र मनाला येईल तेव्हा ओलांडता येत नसे. ज्येष्ठात नैऋत्येचा वारा उठला की कोकणची बंदरं बंद. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू खुला होतो आणि ईशान्येचा वारा धरला की मगच पश्चिमेला परतता येतं. एक हंगाम हुकला तर पुढल्या हंगामापर्यंत मुक्काम. बसऱ्याच्या किंवा सिराफच्या व्यापाऱ्याला म्हणून इथे महिनोन्‌महिने राहावंच लागे. राहायचं म्हणजे वखार हवी, घर हवं, प्रार्थनेची जागा हवी, मेलेल्यांसाठी दफनभूमी हवी, तंटे सोडवायला आपला कुणीतरी हवा. अनेकांनी इथेच लग्नं केली. या समुद्राच्या किनाऱ्यांवरची मिश्र वस्ती पहिल्यांदा वाऱ्याने घडवली आणि मग राजांनी तिला कायद्याची चौकट दिली, असं माझं मत आहे.

ही चौकट कशी होती, ते चौलमध्ये दिसतं. बगदादचा अल्‌-मसुदी ९१६च्या सुमारास तिथे आला होता. अरब लेखक चौलला सैमूर म्हणत. मसुदीच्या सांगण्याप्रमाणे तिथे सुमारे दहा हजार मुसलमान होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले होते आणि त्यांच्या इथेच जन्मलेल्या मुलाबाळांचाही त्यात समावेश होता. आकडा त्याचा, तो गोळाबेरीज असणार, पण वस्ती मोठी होती यात शंका नाही. स्थानिक राजाचं नाव तो ‘जंज’ असं देतो. हा उत्तर कोकणचा शिलाहार राजा झंझ. आपल्या नावाने बारा शिवमंदिरं बांधल्याचं श्रेय शिलाहारांचे नंतरचे लेख याच झंझाला देतात. त्याच्याच राज्यात मुसलमानांचा एक प्रमुख असे, त्याला हुनरमन म्हणत. त्याची नेमणूक राजा करी आणि आपल्या लोकांचे निवाडे तो करी.

ही नेमणूक नावापुरती नव्हती. दहाव्या शतकात बुजुर्ग इब्न शहरयार या इराणी नाखव्याच्या नावावर दर्यावर्दींच्या गोष्टींचा संग्रह झाला. त्यात सैमूरची एक हकिकत आहे. सिराफच्या एका खलाशाने देवळात घुसून मूर्तीची विटंबना केली आणि तो पकडला गेला. लोक चिडले, कुणी म्हणालं, हत्तीच्या पायी द्या. तेव्हा राजाच्या दरबारात एकाने आठवण दिली, की हा अरब आहे आणि आपल्यात व त्यांच्यात करार आहे. मग हुनरमन अब्बास इब्न माहान याला विचारण्यात आलं, की तुमच्या मशिदीत कुणी असं केलं तर शिक्षा काय? त्याने मृत्यू सांगितला आणि तीच शिक्षा झाली. गोष्टीत पदरचं कितीही घातलेलं असो, संतापलेल्या गावातही करार आठवला जातो, ही अपेक्षा त्या दर्यावर्दींच्या मनात पक्की होती.

समुद्राच्या पलीकडे पाहुणे आपले होते. इराणच्या किनाऱ्यावरचं सिराफ हे त्या काळातलं श्रीमंत बंदर. तिथली अनेक मजली घरं सागाच्या आणि आफ्रिकेतून आणलेल्या लाकडाची होती. त्या गावच्या अबू झैदने दहाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदी व्यापाऱ्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. सिराफचा एखादा मातबर व्यापारी त्यांना जेवायला बोलावी तेव्हा शंभरेक माणसं असली तरी प्रत्येकापुढे वेगळं पात्र ठेवावं लागे, कारण एकाच्या पात्रात दुसरा हात घालत नसे. एका थाळीभोवती बसून जेवणाऱ्या यजमानांना हा रिवाज विचित्र वाटला असणार. तरी त्यांनी शंभर पात्रं मांडली. संजाणचा तुपाचा भात आणि सिराफची ही वेगळी पात्रं एकाच पिढीतली आहेत. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

हे सगळं निव्वळ सद्‌भावनेवर चाललं नव्हतं. जकात राजाच्या तिजोरीत जाई, आणि आखातातून येणारे घोडे, खजूर, मोती मान्यखेटलाही हवे होते. अरब ग्रंथकारांनी ज्याला ‘बल्हारा’ म्हटलं तो हा राष्ट्रकूट सम्राट त्यांना सर्वांत स्नेही राजा वाटला, त्यामागे हा व्यवहार होता. आणि चौकट कधी मोडेही. चौलुक्य राजा सिद्धराज जयसिंहाच्या काळात खंभातला दंगल होऊन मशीद जाळली गेली आणि ऐंशी मुसलमान मारले गेले, असं तेराव्या शतकातला मुहम्मद औफी सांगतो. मशिदीच्या खतीबाने, म्हणजे प्रवचनकाराने, राजाकडे दाद मागितली. राजा वेश पालटून स्वतः खंभातला गेला, खात्री करून घेतली, दोषींना शिक्षा केली आणि मशीद पुन्हा बांधायला पैसे दिले. करार मोडला तर तो पुन्हा जोडायची जबाबदारी कोणाची, याचं उत्तर त्या काळी स्पष्ट होतं.

संजाणची व्यवस्था तर राजघराण्यांपेक्षा जास्त टिकली. ९७३ मध्ये राष्ट्रकूट संपले. चिंचणीचाच आणखी एक ताम्रपट शके ९५६चा, म्हणजे १०३४चा, शिलाहारांच्या अमलातला. त्यात त्याच मठिकेला तेलाचा घाणा दिला आहे: देवीच्या दिव्यासाठी आणि येणाऱ्या विद्वानांच्या पायांना लावायला तेल मिळावं म्हणून. संजाणच्या प्रमुख नागरिकांत तिथे अल्लिय, महर, मधुमत अशी नावं येतात. मधुमतीच्या दानाला शंभरावर वर्षं उलटली होती. याच संजाणला इराणहून आलेले झरतुष्ट्री उतरले, असं पारशी परंपरा सांगते. अलीकडच्या उत्खननात तिथे पश्चिम आशियातली झिलईची भांडी आणि चिनी भांड्यांचे तुकडेही मिळाले.

या परंपरेचा सर्वांत सुंदर कागद दगडावर आहे, वेरावळला. होर्मुझच्या नोरदीन पीरोज या नाखुद्याने १२६४ मध्ये सोमनाथपाटणच्या बाहेर जागा घेऊन मशीद बांधली. गझनीच्या महमूदाने ज्या गावचं देऊळ लुटलं, तेच हे गाव. त्या लुटीला तेव्हा अडीचशे वर्षंही झाली नव्हती. गावातल्या बड्या माणसांनी या व्यवहाराला साथ दिली. लेख संस्कृतात आहे, सोबत अरबीतलाही आहे. मशिदीचा खर्च भागून उरलेली रक्कम मक्का-मदिनेला पाठवायची आणि देखरेख गावातल्या मुसलमानांच्या जमातींनी करायची, असं त्यात ठरलं आहे. त्या जमातींत नाखवे आहेत, घाणेवाले आहेत, चुनेवाले आहेत. संस्कृत लेखात साल चार प्रकारे दिलं आहे: हिजरी ६६२, विक्रम संवत १३२०, वलभी ९४५ आणि सिंह संवत १५१. ज्याला जे वर्ष कळतं ते त्याने वाचावं.

चिंचणी, चौल, संजाण ही गावं मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत. शाळांच्या सहली रायगडला, प्रतापगडला जातात, जायलाच हव्यात. पण इतिहासाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की एखाद्या वर्षी मुलांना चौलच्या खाडीवर घेऊन जा आणि तिथे त्यांना झंझ राजा आणि त्याच्या हुनरमनबद्दल सांगा.

पुढच्या भागात बाराव्या शतकातल्या अब्राहम बेन यिजूची पत्रं. ट्युनिसियात जन्मलेला हा ज्यू व्यापारी मंगळूरला येऊन राहिला, तिथे पितळेच्या भांड्यांचा कारखाना काढला, संसार थाटला, आणि त्याची चिठ्ठीचपाटी कैरोच्या एका सिनेगॉगमध्ये सातशेवर वर्षं पडून राहिली.