सेवा बंद पडली? आधी नोंदी वाचा

लिनक्सवर एखादी सेवा बंद पडली की अनेकांचा हात थेट रीस्टार्टकडे जातो. तसं करू नका, आधी कारण शोधा. ‘सिस्टमसीटीएल --फेल्ड’ दिलं की कोलमडलेल्या सेवांची यादी येते. मग त्या सेवेचं ‘स्टेटस’ पाहा. तिथे नोंदींच्या शेवटच्या 10 ओळीच दिसतात आणि खरं कारण बरेचदा त्यांच्या वर असतं. म्हणून ‘जर्नलसीटीएल -यू’, पुढे सेवेचं नाव आणि ‘-बी’ असं देऊन मशीन सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या नोंदी काढा.

स्टेटसमधला आकडा तर चुकवूच नका. 203 म्हणजे प्रोग्रॅमची फाइल सापडली नाही किंवा ती चालवायची परवानगी नाही. 217 म्हणजे ज्या युजरच्या नावाने सेवा चालायची, तो मशीनवर नाहीच. वेब सर्व्हर ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणत असेल, तर त्याचं पोर्ट दुसऱ्याच कुणीतरी अडवलंय. कुणी, ते रूट होऊन ‘एसएस -एलटीएनपी’ चालवलं की कळतं.

सेवा पुन्हापुन्हा पडली, तर मूळ सेटिंगनुसार 10 सेकंदांत 5 प्रयत्न झाले की सेवा सांभाळणारं सिस्टमडी ती सुरू करायचं थांबवतं. दोष काढल्यावर ‘रीसेट-फेल्ड’ आणि मग ‘स्टार्ट’. सेवेची सेटिंग्ज असलेली युनिट फाइल बदलली असेल, तर त्याआधी ‘डेमन-रीलोड’ हवंच.