विनिपेग (मॅनिटोबा प्रांतिक मतदारसंघ)

विनिपेग हा कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या विधानसभेचा एक भूतपूर्व मतदारसंघ आहे. १९२० ते १९४५ या काळातील सात सार्वत्रिक निवडणुकांमध्ये विनिपेग शहर हा एकच अखंड मतदारसंघ होता आणि तेथून दहा सदस्य निवडले जात. ही निवड एकल संक्रमणीय मतपद्धतीने, म्हणजे मतदाराने दिलेल्या पसंतीक्रमानुसार होत असे. कॅनडाच्या प्रांतिक निवडणुकांमध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा हा पहिला प्रयोग होय. १९१९च्या सार्वत्रिक संपामुळे दुभंगलेल्या शहरातील परस्परविरोधी गटांना एकाच वेळी सभागृहात स्थान मिळाल्यामुळे या मतदारसंघाचा इतिहास अभ्यासकांना महत्त्वाचा वाटतो. एकोणिसाव्या शतकातही याच नावाचा एक लहान मतदारसंघ अस्तित्वात होता. त्याचा समावेश प्रस्तुत लेखात केलेला नाही.

पार्श्वभूमी

कॅनडाच्या पश्चिमेकडील गव्हाच्या प्रदेशाचे प्रवेशद्वार म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी विनिपेग झपाट्याने वाढले. धान्यव्यापार आणि रेल्वे हे शहराच्या अर्थव्यवस्थेचे दोन आधार होते. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या रूळांच्या उत्तरेकडील भागात युक्रेनियन, ज्यू, पोलिश व इतर स्थलांतरित कामगारांची दाट वस्ती होती. व्यापारी, वकील आणि उद्योजक यांचे वास्तव्य प्रामुख्याने दक्षिणेकडे होते. त्यामुळे शहराच्या भूगोलातच वर्गभेद उमटलेला होता.

१९२०पूर्वी शहरात उत्तर, मध्य व दक्षिण असे तीन मतदारसंघ होते. प्रत्येक मतदारसंघातून दोन, असे एकूण सहा सदस्य निवडले जात. प्रत्येक जागेसाठी सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी ठरत असे. या पद्धतीत एखाद्या भागातील अल्पसंख्य मताला, ते कितीही मोठे असले तरी, प्रतिनिधी मिळण्याची शाश्वती नव्हती.

१९१५ मध्ये नव्या विधानभवनाच्या बांधकामातील गैरव्यवहार उघडकीस आल्याने रॉडमंड रॉब्लिन यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारला पायउतार व्हावे लागले. त्यानंतर टोबायस नॉरिस यांचे लिबरल सरकार सत्तेवर आले. सुधारणावादी म्हणून ओळखल्या गेलेल्या या सरकारने जानेवारी १९१६ मध्ये स्त्रियांना प्रांतिक मताधिकार दिला. असे करणारा मॅनिटोबा हा कॅनडातील पहिला प्रांत ठरला. विनिपेगसाठी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा कायदाही याच सरकारने १९२० मध्ये केला.

१९१९चा सार्वत्रिक संप

१५ मे १९१९ रोजी विनिपेगमध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. धातुकाम व बांधकाम क्षेत्रातील कामगारांच्या वेतनवाढीच्या आणि सामूहिक वाटाघाटींच्या मागणीतून तो उद्भवला. सुमारे तीस हजार कामगारांनी काम थांबवल्याने शहराचे व्यवहार ठप्प झाले. १७ जून रोजी संपाच्या प्रमुख नेत्यांना अटक झाली. २१ जून रोजी घोडदळ पोलिसांनी जमावावर गोळीबार केला व त्यात दोघांचा बळी गेला. हा दिवस ‘रक्तरंजित शनिवार’ म्हणून ओळखला जातो. त्यानंतर काही दिवसांतच संप मागे घेण्यात आला.

अटक झालेल्या नेत्यांवर राजद्रोहाचा कट रचल्याच्या आरोपावरून खटले चालले. मेथडिस्ट धर्मोपदेशक व संपाच्या मुखपत्राचे संपादक विल्यम आयव्हन्स, नगरपालिकेचे सदस्य जॉन क्वीन आणि सुतारकाम करणारे समाजवादी कार्यकर्ते जॉर्ज आर्मस्ट्राँग यांना प्रत्येकी एक वर्षाची शिक्षा झाली. आयव्हन्स यांच्या अटकेनंतर मुखपत्राची धुरा सांभाळणारे फ्रेडरिक जॉन डिक्सन यांच्यावर राजद्रोही लेखनाचा आरोप ठेवण्यात आला. डिक्सन हे त्या वेळी विधानसभेचे सदस्य होते. त्यांनी वकील न घेता स्वतःच आपली बाजू मांडली आणि १९२०च्या आरंभी ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले.

मतमोजणीची पद्धत

विनिपेगमध्ये वापरली गेलेली पद्धत भारतीय वाचकांना अपरिचित नाही. राज्यसभेच्या, तसेच विधानसभा सदस्यांकडून विधान परिषदेवर निवडून द्यावयाच्या जागांच्या निवडणुकीत हेच तत्त्व वापरले जाते. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत अशा निवडणुकांच्या वेळी ‘कोटा’ आणि ‘दुसऱ्या पसंतीची मते’ हे शब्द वारंवार येतात. फरक इतकाच की, भारतात या निवडणुकांचे मतदार स्वतः आमदार असतात. विनिपेगमध्ये शहरातील सर्वसामान्य मतदार हा पसंतीक्रम देत असत.

मतदार मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे क्रमांक लिहितो. त्याचे मत एकच असते. वैध मतांच्या संख्येला जागांच्या संख्येपेक्षा एकाने मोठ्या संख्येने भागून येणाऱ्या पूर्णांकात एक मिळवला की विजयासाठी आवश्यक असलेला कोटा मिळतो. दहा जागा असल्यास भाजक अकरा येतो. याचा अर्थ, एकूण मतांच्या सुमारे नऊ टक्के पाठिंबा असलेला उमेदवार निश्चितपणे निवडून येतो.

कोट्यापेक्षा अधिक मते मिळवणाऱ्या उमेदवाराची अतिरिक्त मते वाया जात नाहीत. त्याच्या मतदारांनी पुढची पसंती ज्यांना दिली असेल त्यांच्याकडे ती त्या प्रमाणात वर्ग होतात. त्यानंतरही जागा रिकाम्या असतील तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद केला जातो आणि त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीच्या उमेदवारांना दिल्या जातात. सर्व जागा भरेपर्यंत मोजणीच्या अशा फेऱ्या चालू राहतात.

१९२०ची निवडणूक

नव्या पद्धतीने पहिली निवडणूक २९ जून १९२० रोजी झाली. दहा जागांसाठी चाळीसहून अधिक उमेदवार रिंगणात होते. आयव्हन्स, क्वीन आणि आर्मस्ट्राँग यांनी तुरुंगातूनच निवडणूक लढवली.

डिक्सन यांना पहिल्या पसंतीची ११,५८६ मते मिळाली. कोटा सुमारे ४,३०० होता. म्हणजे सात हजारांहून अधिक मते त्यांच्या विजयासाठी आवश्यक नव्हती. जुन्या पद्धतीत हे मताधिक्य केवळ त्यांच्या लोकप्रियतेचे द्योतक ठरले असते. नव्या पद्धतीत ही मते पुढील पसंतीनुसार वर्ग झाली आणि त्यांचा मोठा लाभ कामगार चळवळीतील सहकाऱ्यांना मिळाला. मोजणी पूर्ण झाली तेव्हा तुरुंगात असलेले तिघेही नेते निवडून आले होते. १९२१ मध्ये सुटका झाल्यानंतर त्यांनी विधानसभेत आपली आसने ग्रहण केली.

विजयी उमेदवारांची पक्षनिहाय विभागणी पुढीलप्रमाणे होती:

कामगार व समाजवादी गट (४): फ्रेडरिक डिक्सन, विल्यम आयव्हन्स, जॉन क्वीन, जॉर्ज आर्मस्ट्राँग
लिबरल (४): टॉमस हर्मन जॉन्सन, डंकन कॅमेरॉन, एडिथ रॉजर्स, रॉबर्ट जेकब
कॉन्झर्व्हेटिव्ह (२): जॉन टॉमस हेग, विल्यम टपर

या यादीतील काही नावे विशेष उल्लेखनीय आहेत. आइसलँडमध्ये जन्मलेले टॉमस जॉन्सन हे संपाच्या काळात प्रांताचे ॲटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचे मंत्री होते. विल्यम टपर हे कॅनडाचे माजी पंतप्रधान चार्ल्स टपर यांचे पुत्र होत. एडिथ रॉजर्स या मॅनिटोबा विधानसभेवर निवडून आलेल्या पहिल्या महिला ठरल्या. १९२२ आणि १९२७ मध्येही त्या याच मतदारसंघातून विजयी झाल्या. न्यायखात्याचे मंत्री आणि राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा भोगणारे तिघे कैदी, अशा सर्वांना एकाच शहराच्या मतदारांनी एकाच दिवशी प्रतिनिधित्व दिले.

प्रांतात मात्र नॉरिस यांचे बहुमत गेले. ५५ पैकी २१ जागा मिळवून त्यांनी अल्पमतातील सरकार चालवले. ते फार काळ टिकले नाही.

१९२२ ते १९४५

१८ जुलै १९२२ रोजी झालेल्या निवडणुकीत ग्रामीण मॅनिटोबात शेतकरी संघटनेने बाजी मारली आणि जॉन ब्रॅकन यांचे सरकार आले. विनिपेगमध्ये डिक्सन, क्वीन, आयव्हन्स आणि सेमूर फार्मर या चौघांच्या रूपाने कामगार पक्षाने चार जागा राखल्या. आर्मस्ट्राँग पराभूत झाले. डिक्सन यांनी कौटुंबिक आघात व आजारपण यांमुळे १९२३ मध्ये सदस्यत्वाचा राजीनामा दिला. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. फार्मर आणि क्वीन या दोघांनी पुढे वेगवेगळ्या काळात विनिपेगचे महापौरपदही भूषवले.

२८ जून १९२७ आणि १६ जून १९३२ या दोन निवडणुकांतही दहा जागा कोणा एका पक्षाकडे गेल्या नाहीत. १९३२ मध्ये निवडून आलेले कामगार पक्षाचे वकील मार्कस हायमन यांनी वंश किंवा धर्म यांवरून एखाद्या समूहाची बदनामी करणाऱ्या लेखनास प्रतिबंध करणारा कायदा १९३४ मध्ये संमत करून घेतला. कॅनडातील अशा स्वरूपाच्या कायद्यांमध्ये तो अग्रगण्य मानला जातो.

२७ जुलै १९३६ची निवडणूक या मतदारसंघाचे वैशिष्ट्य सर्वाधिक स्पष्ट करणारी ठरली. न्यायाधीशपदावरून दूर केले गेलेले लुईस स्टब्स यांनी अपक्ष म्हणून उभे राहून मोठ्या फरकाने पहिले स्थान मिळवले. जेम्स लिटरिक हे कॅनडातील कोणत्याही प्रांतिक विधानसभेवर निवडून आलेले पहिले कम्युनिस्ट सदस्य ठरले. कम्युनिस्टांचे कडवे विरोधक व माजी महापौर राल्फ वेब हेही त्याच दहा जणांत होते. संपात तुरुंगवास भोगलेले जॉन क्वीन आणि संपाच्या काळात शहरातील सैन्याचे नेतृत्व करणारे जनरल हंटली केचन हेही या निवडणुकीत एकाच मतदारसंघाचे प्रतिनिधी म्हणून निवडले गेले. आयव्हन्स यांचा मात्र सोळा वर्षांच्या सदस्यत्वानंतर पराभव झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली आणि १९४० मध्ये लिटरिक यांना विधानसभेतून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी ब्रॅकन यांनी सर्वपक्षीय सरकार स्थापन केले. परिणामी २२ एप्रिल १९४१च्या निवडणुकीत ग्रामीण भागातील अनेक जागा बिनविरोध ठरल्या. विनिपेगमध्ये मात्र लढत झाली. स्टब्स पुन्हा विजयी झाले. स्पेनच्या यादवी युद्धात एक पाय गमावलेले विल्यम कार्डॅश हे डावे उमेदवार सरकारबाहेरील आवाज म्हणून निवडून आले. जॉन क्वीन यांना पराभव पत्करावा लागला. १५ ऑक्टोबर १९४५ रोजी अखंड विनिपेग मतदारसंघातील शेवटची सार्वत्रिक निवडणूक झाली.

प्रतिनिधित्वातील असमतोल

शहराच्या आत जागावाटप बरेचसे प्रमाणशीर होत असले, तरी प्रांताच्या तुलनेत शहराला मिळालेल्या जागा कमी होत्या. १९२१च्या जनगणनेनुसार मॅनिटोबाची लोकसंख्या ६,१०,११८ आणि विनिपेगची १,७९,०८७ होती. म्हणजे प्रांतातील सुमारे २९ टक्के लोक शहरात राहत होते. विधानसभेतील ५५ पैकी दहा, म्हणजे सुमारे १८ टक्के जागा त्यांच्या वाट्याला आल्या. लोकसंख्येच्या प्रमाणात शहराला सोळा जागा मिळाल्या असत्या.

शिवाय ग्रामीण भागात प्रमाणशीर पद्धत लागू नव्हती. तेथे एकसदस्यीय मतदारसंघ कायम राहिले. १९२७पासून तेथे पसंतीक्रमाचे मतदान सुरू झाले, तरी प्रत्येक मतदारसंघातून एकच सदस्य निवडला जात असल्याने अल्पसंख्य गटांना त्याचा फारसा लाभ झाला नाही. त्यामुळे विनिपेगमधील मतवैविध्य सभागृहात पोहोचले, परंतु सरकार कोणाचे असावे हे बहुतांशी ग्रामीण जागांवर ठरत राहिले.

विभाजन आणि पद्धतीचा शेवट

१९४९च्या निवडणुकीपूर्वी विनिपेगचे उत्तर, मध्य व दक्षिण असे तीन भाग करण्यात आले. प्रत्येक भागातून चार सदस्य याच संक्रमणीय मतपद्धतीने निवडले जाऊ लागले. जागांची एकूण संख्या बारा झाली. परंतु चार जागांच्या मतदारसंघात कोटा सुमारे नऊ टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेला. संपूर्ण शहरात विखुरलेला पाठिंबा असलेल्या लहान गटांसाठी निवडून येणे त्यामुळे कठीण झाले.

१९५३ची निवडणूक या पद्धतीने झालेली शेवटची ठरली. १९५५ नंतर एकसदस्यीय मतदारसंघ आणि सर्वाधिक मतांची पद्धत पुन्हा स्वीकारण्यात आली. मतदारसंघांच्या सीमा ठरवण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमण्याची तरतूदही याच काळात झाली. १९५८ची निवडणूक नव्या रचनेनुसार पार पडली. १९४१पासून सलग सदस्य असलेले कार्डॅश या निवडणुकीत पराभूत झाले.

महत्त्व

विनिपेगच्या पाठोपाठ अल्बर्टा प्रांतातील एडमंटन व कॅल्गरी या शहरांनीही १९२६पासून प्रांतिक निवडणुकांसाठी एकल संक्रमणीय मतपद्धती वापरली. कॅनडात निवडणूक सुधारणेची चर्चा होते तेव्हा या तीन शहरांचे दाखले दिले जातात. विनिपेगच्या अनुभवातून दोन बाबी दिसून येतात. मोठ्या बहुसदस्यीय मतदारसंघात तीव्र मतभेद असलेले गट परस्परांना पूर्णपणे न हटवता एकाच सभागृहात बसू शकतात. मात्र मतमोजणीची पद्धत न्याय्य असली, तरी एकूण जागांचे वाटप असमतोल असेल तर तिचा परिणाम मर्यादित राहतो. संपानंतर अवघ्या वर्षभरात संपाचे नेते आणि त्यांचे विरोधक यांनी रस्त्यावरील संघर्ष विधानसभेच्या चर्चेत नेला, हे या मतदारसंघाचे सर्वांत ठळक ऐतिहासिक फलित मानता येते.