पोट लहान झालं, तरी वजन परत का चढतं?

2011 मध्ये नितीन गडकरी यांनी वजन कमी करण्याचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हापासून ‘बॅरियाट्रिक’ हा शब्द मराठी घरांत ओळखीचा झाला. बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये नोकरी, ऑपरेशनही त्याच शहरात आणि सणावाराला सांगली-सोलापूर, असं दोन गावांत वाटलेलं आयुष्य जगणाऱ्यांनी पुढची माहिती जरा नीट वाचावी. चर्चा ऑपरेशनची होते, त्यानंतरच्या दहा वर्षांची होत नाही.

ऑपरेशनमध्ये काय होतं

‘स्लीव्ह’ या प्रकारात जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते केळ्याच्या आकाराची नळी. भूक चेतवणारं घ्रेलिन मुख्यतः काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक मंदावते. ‘बायपास’ या दुसऱ्या प्रकारात जठराचा साधारण 30 मिलीचा कप्पा करून तो थेट लहान आतड्याला जोडतात.

वजन परत का चढतं

वजन सर्वांत खाली जातं ते साधारण 12 ते 24 महिन्यांत. त्यानंतर थोडं वर येणं अपेक्षितच आहे. शरीर गेलेलं वजन परत मिळवू पाहतं: भूक वाढते, विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च घटतो. नळी सैलावते किंवा जोड रुंदावतो. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधंही वजन वाढवतात.

आणि मग चरणं. लहान पोटात तीन भाकऱ्या मावत नाहीत, पण साखरेची फिल्टर कॉफी, ज्यूस, आइस्क्रीम सरळ खाली उतरतात. लॅपटॉपशेजारी फरसाणाचं पाकीट असलं की दिवसभर हात त्यात जातोच. पोट एकदाही भरत नाही, कॅलरी मात्र भरतात.

तरीही वजन परत चढणं हा आळशीपणाचा पुरावा नव्हे. वजन वाढलं की लोक लाजेपोटी तपासणी टाळतात, आणि खरं नुकसान तिथे होतं. सर्जन आधी कारण शोधतो: आहार, औषधांची यादी, थायरॉइड, गरजेप्रमाणे एंडोस्कोपी. रोज किमान 60 ग्रॅम प्रथिनं आणि स्नायूंचा व्यायाम हा पाया. 2025 मध्ये भारतात आलेली टिर्झेपटाइड आणि वेगोव्ही ही इंजेक्शनं काहींना उपयोगी पडतात, पण थांबवली की वजन बहुधा परत येतं. दुसरं ऑपरेशन शेवटी. त्यात पहिल्यापेक्षा धोका जास्त.

सावकाश येणारी दुखणी

बी-12, लोह, डी जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची कमतरता वर्षांनंतरही दिसते. शाकाहारी माणसाला बी-12 ची जास्तच. गोळ्या जन्मभराच्या. लोह आणि कॅल्शियम यांत दोन तासांचं अंतर हवं, लोहाची गोळी चहा-कॉफीबरोबर नको. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते. बायपासनंतर गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, जुलाब होतात, त्याला डम्पिंग म्हणतात. गुडघे दुखले म्हणून मनाने आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नये, बायपासच्या जोडावर अल्सर होतो. सिगारेटनेही होतो. दारू आता लवकर आणि जास्त चढते.

तातडीची लक्षणं

पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटदुखी आणि नाडी 120 च्या पुढे गेली, तर टाक्यांतून गळती असू शकते. बायपासनंतर काही वर्षांनीही पोटात कळा येऊन ओकाऱ्या लागल्या, तर आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. तिथे ॲसिडिटीची गोळी घेऊन रात्र काढू नये.

उलट्या बरेच दिवस चालल्या तर थायमिन संपतं. एकाचे दोन दिसतात, तोल जातो, गोंधळ होतो. अशा वेळी ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन द्यायला हवं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

दिवाळीला गावी गेल्यावर रात्री दोनला तपासणाऱ्या डॉक्टरला हे ऑपरेशन कुठलं, हे माहीत नसतं. तेव्हा डिस्चार्ज कार्डाचा फोटो, ‘स्लीव्ह’ की ‘बायपास’ ही नोंद आणि सर्जनचा नंबर आजच फोनमध्ये ठेवा, आणि घरातल्या एकाला हे सगळं कुठे आहे ते सांगून ठेवा.